दोन शिदोऱ्या आणि पायगाडी

ता. ४ फेब्रुवारी १८६९, गुरुवार. अकोला.

मायच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. दसऱ्याला मनगटाच्या वर जात नव्हत्या. आज मुद्दाम पाहिलं.

चूक माझीच. सारं वऱ्हाड कपाशी लावतंय म्हणून जानरावदादानं मळ्यातली वांगी-मेथी उपटून कपाशी लावली. मला भीती — भाव पडला तर खायचं काय? माझा अर्धा मळा मला दे, म्हटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिला. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

आंगण एकच, चुली तीन. एक त्याची, एक माझी, तिसरी मायची. "चूल एक होईल तवाच तुमच्या घरी जेवीन. तोवर माह्या हातचंच खाईन." दिवसाला एक भाकर थापते. त्यातली अर्धी गाईला.

आज म्हणाली, अमरावतीच्या अंबादेवीला जायचं. "दोघंही आले तं जाईन. एकटा कोणी नको."

ता. ५, शुक्रवार.

दादा येतो म्हणे. दुर्गावहिनीनं माझ्या बायकोला, गंगूला सांगितलं, गंगूनं मला.

ता. ७, रविवार. पहाटे.

आता निघतो. काल स्टेशनावर दोघांना विचारून आलो — अमरावतीत हैज्याची साथ नाही. तिसऱ्यालाही विचारायला हवं होतं.

ता. ८, सोमवार.

सगळे धड परतलो! आधी तेच लिहितो.

बडनेऱ्याला आगगाडीतून उतरून बैलांची दमणी केली. पाचही जणं एकाच दमणीत. दादा पुढे गाडीवानाजवळ, मी अगदी मागे, तोंड रस्त्याकडे. दर्शन चांगलं झालं. मायनं काय मागितलं ते सांगितलं नाही.

देवळाबाहेर लिंबाखाली बसलो. वहिनीनं मायसाठी शिदोरी सोडली. गंगूनंही सोडली! दोन्हींत ज्वारीची भाकर, घट्ट बेसन अन् लाल मिरचीचा ठेचा. तंतोतंत. दोघी एकमेकींच्या फडक्याकडे पाहत राहिल्या. माय तांब्याभर पाणी प्यायली. "मले भूक नाई." मग कोणीच जेवलं नाही.

तसेच बाजाराकडे निघालो. तिथे ही गर्दी! एका पारशी सौदागरानं मुंबईहून पायगाडी आणली आहे. लाकडाची दोन चाकं, एकामागे एक. मधे बैठक. ना बैल, ना घोडा — पुढच्या चाकाचे दांडे पायानं फिरवायचे. पैशाला एक फेरी.

दादा धोतर खोचून चढला. चार हात गेला अन् सरकीच्या ढिगात आडवा! माय हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मग माझ्याकडे वळली.

"गोवर्धन, आता तू."

"माय, हाड मोडलं तर—"

"मोडू दे. बस."

बसलो. गाडी डुगडुगली, अन् तेवढ्यात मागून कोणीतरी बैठक घट्ट धरली.

"समोर पाह्य! चाकाकडं काहून पाहून राह्यला?"

दादा! चार महिन्यांनी!

"दादा, पडतो मी!"

"वाटणी मांगताना भेव नाई लागलं तुले, अन् हिच्यावर लागते?"

लोक खदखदा हसले. मीही हसलो — डोळ्यांत पाणी होतं ते वाऱ्यानं. तो धापा टाकत पूर्ण फेरी पळला. उतरलो तर माझ्या पाठीवरची धूळ झाडली. जरा जोरातच.

पुढे उत्तरेकडून आलेल्या एका परदेशी हलवायाच्या कढईत मुंगवडे तळत होते. दादानं पळसाच्या पानावर घेतले, मायपुढे धरले. मी कढईत डोकावलो — तेल काळं. बोलणार, तोच माय म्हणाली, "हे तं तुमच्या कोणाच्याच चुलीवरचं नाई."

अन् खाल्ला! एक नाही, पाच. वर गरम जिलेबी. हातावर पाक ओघळला तोही चाटला. "तोंडं काय पाहून राह्यले? तुमीबी खा ना!" मग पाचही जणांनी एकाच पानावरचं खाल्लं. शिदोऱ्याही सुटल्या — दादानं गंगूची भाकर घेतली, मी वहिनीची. वहिनीचा ठेचा जास्त तिखट. मायनं मात्र त्या भाकरींना हात लावला नाही.

तेलाचं मी काही बोललो नाही.

परतीच्या गाडीत माय झोपली. डोकं दादाच्या खांद्यावर, पाय माझ्या मांडीवर. अकोला येईपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. पाय बधिर झाला होता.

आज दिवसभर सगळ्यांवर नजर ठेवली. उलटी नाही, ढाळ नाही. पण सकाळी मायनं पुन्हा आपलीच चूल पेटवली. एक भाकर. अर्धी गाईला.

ता. ९, मंगळवार.

सकाळी दुर्गावहिनी आमच्या दारात. हातात खापर. "गंगू, इस्तो दे वं जरा."

तिच्या चुलीचा धूर तर आंगणभर पसरला होता! गंगूनं रसरशीत निखारे खापरात घातले. वहिनी ते घेऊन मायपुढून गेली, सावकाश.

"आत्याबाई, आता दोन्ही घरी एकच इस्तो हाये."

मायनं खापरातल्या निखाऱ्यांकडे पाहिलं. मग उठली अन् आपल्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं.

"कोणाची भाकर आधी होते ते सांगा. भूक लागली मले."