आईचं कार्ड

रविवार, दुपार

प्रिय ताई,

ढब्बूचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे आपापल्या जागी आहेत, आई ठणठणीत आहे. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. मागे तू तेल लावते म्हणालीस, पण तू तेल फक्त विकत आणतेस हे मला पक्कं माहीत आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. आपल्या घरात फोनवर खासगी काही बोलता येत नाही. आईला दारावरची बेल ऐकू येत नाही, पण मी दुसऱ्या खोलीत आवाज खाली केला की शब्द न् शब्द ऐकू येतो. म्हणून खाली अंगणात गाडीत बसून लिहितोय. शिकवणीचीच गाडी. बसलोय माझ्या नेहमीच्या जागेवर, शिकणाऱ्याच्या शेजारी, जिथे माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. लिहितानासुद्धा उजवा पाय त्याच्यावरच आहे, सवय जात नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचं बरं चाललंय म्हणायचं. दोनातली एक गाडी गिअरबॉक्ससाठी गॅरेजात पडून आहे. सध्या एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात. माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो, पण हॉर्न वाजवायला लाजतो. समोरून कोणी आलं की म्हणतात, "जाऊ द्या हो, त्यांना घाई असेल." पुढच्या परीक्षेतही नापास होणार, आणि फी भरत राहणार, म्हणून मला ते फार आवडतात.

तुला एक विचारायचं होतं. आरोग्य विम्याचं काय करावं? तुम्ही तुमचा चालू ठेवलाय का? आमचा हप्ता यंदा असा काही वाढलाय की आकडा ऐकून मी विमावाल्याला म्हटलं, "अहो, हा माझा आहे की अख्ख्या चाळीचा?" तो म्हणाला, वय वाढलं की हप्ता वाढतो. आमचं, म्हणजे हिचं आणि माझं, त्यात फारसं नाही. आईचं वयच जास्त. इतकी वर्षं भरतोय आणि एकदाही उपयोग झालेला नाही. म्हणजे झाला नाही हे चांगलंच, पण दर वर्षी न जेवता ताटाचे पैसे देऊन यावं तसं वाटतं. दुसरीकडे वाटतं, बंद केला आणि दुसऱ्याच महिन्यात काही झालं तर? तुझं मत कळव.

आईचं तर त्या कार्डावर भारी प्रेम आहे. तुला ठाऊकच आहे, तिच्या बटव्यात चष्मा, सुटे पैसे आणि ते कार्ड. भाजी आणायला गेली तरी कार्ड बरोबर. वाण्याला दाखवून झालंय, पोस्टमनला दाखवून झालंय. "माझ्या मुलानं काढून दिलंय. उद्या काही झालं तरी कुणापुढे हात पसरायला नको." मी शेजारी उभा असलो तर माझ्या पाठीवर हात फिरवते.

आता गंमत ऐक. आमच्या खाली शिवणवाली राहते ना, तळमजल्यावर, जिची मशीन दिवसभर वाजत असते. तिच्या हाताच्या शिरेला सूज आली. डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन करा, नाहीतर कात्री धरता येणार नाही. तिच्याकडे कुठले पैसे. ती आईजवळ रडली. आईनं काय करावं? बटवा उघडला आणि कार्ड तिच्या हातात ठेवलं. "मला मेलीला काय होतंय? नुसतं पडून आहे, तू वापर." ती म्हणाली, "काकू, यावर तुमचं नाव आहे, अठ्ठ्याहत्तर वय आहे. मी पन्नाशीची." आई म्हणाली, "केसांना कलप नको लावूस आणि जरा वाकून चाल."

आणि ती गेली गं. खरंच वाकून गेली असेल. आईला यात काही चूक आहे असं वाटलंच नाही. शेजारणीला विरजण द्यावं तसं तिनं विमा दिला. हे सगळं मला नंतर कळलं.

तिथे हॉस्पिटलच्या काउंटरवर काहीतरी अडचण आली आणि काम झालं नाही.

वरची ओळ लिहून मी गाडीतून उतरलो, काच पुसली, परत येऊन बसलो. दातांच्या डॉक्टरांना मी रोज सांगतो, वळायचं असेल तर आधी सिग्नल द्या, मग वळा, मध्येच थबकू नका. तर अडचण ही आली की कार्ड बंद होतं. आईचं नाव विम्यात नाही. ते मी काढलं. मी तुला मत विचारतोय, पण निर्णय आधीच घेऊन बसलोय.

हिला आणि मला ठेवलं, आईला वगळलं. हप्ता निम्म्याहून खाली आला. ही म्हणाली होती, "आईंचं राहू दे, माझं काढा." मी म्हणालो, "तुझं वय ते काय, तुझं काढून वाचणार किती?" तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतं बोलते. आईला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. जुनं कार्ड तिच्या बटव्यात तसंच राहू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं मी ते कार्ड तिच्याच मुठीत झाकून ठेवलं.

शिवणवालीनं ते आईला परत दिलं नाही. मला जिन्यात गाठून दिलं. सुजलेला हात पदरात, कार्ड दुसऱ्या हातात. खाली बघत म्हणाली, "दादा, माझं चुकलं. दुसऱ्याच्या नावावर जायला नको होतं मी." मला वाटलं, सुटलो. मग ती हळूच म्हणाली, "काकूंना मी सांगितलंय की डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं, म्हणून लागलं नाही. तुम्ही हे बटव्यात ठेवून द्या. त्यांना कळायला नको." ताई, ती चोरी करायला गेली होती आणि माझी चोरी घेऊन परत आली. आणि वर मलाच सांभाळून घेत होती. आम्ही दोघं त्या जिन्यात एकमेकांच्या चपलांकडे बघत उभे राहिलो. मी कार्ड घेतलं आणि आई अंघोळीला गेल्यावर बटव्यात ठेवून दिलं. काय केलं मी बघ. एकदा फसवलं ते हिशेबाच्या नादात म्हणता येईल. हे दुसऱ्यांदा फसवलं ते समजून उमजून.

आता सुरुवातीचा तो 'ठणठणीत' शब्द खोडतो. आई ठणठणीत नाही. जिना चढताना मध्येच थांबते आणि कठड्याचा रंग बघत असल्यासारखं करते. "हा रंग चांगला टिकला नाही," म्हणते. तो रंग ती आता प्रत्येक मजल्यावर बघते. मी डॉक्टरकडे चल म्हणत नाही. कारण ती बटवा घेऊन निघेल, काउंटरवर कार्ड ठेवेल, आणि तिथली मुलगी आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे बघेल. एवढ्यासाठी मी आईला डॉक्टरकडे नेत नाही.

नाव परत घालता येतं. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. पैशांचं बघता येईल, गॅरेजातली गाडी तशीच विकून टाकतो, मला एक पुरे. पण विमा कंपनीची एक पद्धत आहे. नवीन नाव घालताना ते त्या माणसाशी स्वतः फोनवर बोलतात. दम लागतो का, छातीत दुखतं का, आधी विमा होता का, असेल तर बंद का झाला. म्हणजे आईला सांगितल्याशिवाय घालता येत नाही.

म्हणून खरं तर हे पत्र. तू ये. बुधवारी ये, गुरुवारी ये. तू आलीस की आई खुशीत असते. तू तिला समजावून सांग की काहीतरी कागदोपत्री घोळ झाला आणि नाव गळालं. तुझ्या तोंडून तिला खरं वाटेल.

बघ, तुलाही मी खोटं बोलायलाच बोलावतोय. आणि कोणत्या तोंडानं? मागच्या वर्षी तू आईच्या हप्त्याचा तुझा वाटा पाठवलास. मी तो परत केला, वर चिठ्ठी लिहिली, "आई मला जड नाही." तू त्यानंतर दोन महिने फोन केला नाहीस. बरोबरच केलंस. फुशारकी मारायला पैसे लागत नाहीत, आणि ती चिठ्ठी लिहिताना मला स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं.

अजून एक राहिलंय. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहून काही उपयोग नाही. विमावाला आमच्या स्कूलच्या ऑफिसात बसला होता. म्हणाला, "आईंचं नाव वगळायचं नक्की ना? या वयात एकदा सुटलं की अवघड जातं." मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "वगळा हो. आता असे किती दिवस काढणार आहे ती?" गमतीत म्हणालो. म्हणजे आवाज गमतीचा होता. तो हसला नाही. मी एकटाच हसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण ताई, ते जिभेवर येण्याआधी माझ्या हिशेबात होतं. मी मनात खरंच वर्षं मोजली होती. आपल्या आईची.

आत्ता इथवर लिहिलं आणि वरून आईनं हाक मारली. खिडकीत उभी आहे. "ऊन लागत नाही का तुला? काय लिहितोयस?"

मी म्हटलं, "ताईला पत्र."

तिला कोण आनंद झाला. अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिला लिही, माझी काळजी करू नकोस म्हणावं. माझं कार्ड आहे."

तळमजल्यावर शिवणवालीची मशीन चालू होती. ती थांबली. अंगणात अगदी शांत झालं. मशीन पुन्हा सुरू होईना. माझा पाय ब्रेकवर इतका दाबला गेला होता की पोटरीत गोळा आला.

ताई, मी वर जातो. तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण यासाठी नको. सांगून झाल्यावरच पाकीट बंद करतो.

*

तोच दिवस, संध्याकाळ

सांगितलं. कागदोपत्री घोळ वगैरे काही नाही, मी काढलं असं सांगितलं. आई पलंगावर बसली होती. तिनं बटव्यातून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि ते उलटसुलट करून बघितलं. वाटलं, रडेल. वाटलं, थोबाडीत देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "मग खालच्या पोरीला दिलं तेव्हा ते बंद होतं?"

मी म्हटलं, "हो."

"आणि तिला तिथे सगळ्यांसमोर ते सांगितलं असेल."

आई उठली, चपला घातल्या. "कुठे निघालीस?" तर म्हणे, "तिची माफी मागायला. मी तिला बंद कार्ड दिलं." मी म्हटलं, अगं, ते मी बंद केलं. ती म्हणाली, "दिलं तर मी."

ती पुढे, मी मागे. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली. आज कठड्याचा रंग बघितला नाही. म्हणाली, "दम लागतो रे मला. बरेच दिवस लागतोय." मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो. नवीन नाव घालायचं, फोन येईल, काय विचारतील, ते सगळं सांगितलं. हेही सांगितलं की दम लागतो म्हणालीस तर कदाचित घेणार नाहीत.

"नाही घेतलं तर नाही," ती म्हणाली. "घरात एकजण खोटं बोलला, तेवढं पुरे."

उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे जातोय, पैसे देऊन, कार्डाशिवाय. दातांच्या डॉक्टरांना सुट्टी दिली आहे. मग विमावाल्याकडे. मागे परत केलेला तुझा वाटा मला पाठव. नाव घेतलं तर हप्त्याला लागेल, नाही घेतलं तर आईच्या औषधाला. "आई मला जड नाही" ही चिठ्ठी तू ठेवली असशील तर फाडून टाक.

ते एक वाक्य, विमावाल्यापुढचं, मी आईला सांगितलं नाही. सांगायचं म्हणून तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात तिनं उठायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळा भार टाकला. फार वजन नाही गं तिचं आता. ते वाक्य तू तुझ्याकडे ठेव, आणि मला कधी फुशारकी आली की काढून दाखव.

आई आता खाली शिवणवालीकडे बसली आहे. मशीन अजून बंद आहे, दोघींचं बोलणं ऐकू येतंय. परत वर यायची झाली की हाक मारेन म्हणाली आहे. मी जिन्यात बसून हे संपवतोय.

हाकेच्या अंतरावर बसलेला,
तुझा
ढब्बू