टेबलावरच्या बिबड्या

पारोळा. रविवार, संध्याकाळ.

अजून राग गेलेला नाही. जळगावला ऑपरेशन होऊन चार महिने झाले. गुडघ्याची वाटी सारखी बाजूला सरकायची, म्हणून डॉक्टरांनी माझ्याच मांडीतली स्नायूची दोरी घेऊन तिला नवा बंध घातला. आता ती जागची हलत नाही. मांडी घालून बसायला वेळ लागेल, इतकंच.

आज गल्लीतल्या बायका आमच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे वाळवणाचे पापड, थापायला जमल्या, तर माझ्या सासूबाई, अक्का, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुना गुडघा नाजूक शे. तू नुसती बस."

नाजूक? आणि हात काय ऑपरेशनला दिले होते का मी? स्वयंपाकघरातलं टेबल वर चढवून घेतलं, त्यावर ओलं फडकं अंथरलं आणि उभ्यानेच थापायला लागले. बायका हसल्या. हसू देत. वाटी हलली नाही.

ऊन चढल्यावर अक्का स्वतःचे गुडघे धरून उठल्या आणि गुपचूप माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून थापायला बसल्या. "आजना दिनच हं," म्हणाल्या.

टेबल मात्र खाली आणलेलं नाही.