ठाम नकाराचा वर्ग

१ जून, रविवार. सकाळी ६

आजपासून सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये माझा वर्ग. विषय: मित्रमैत्रिणींच्या दबावाला बळी न पडता स्वतःचे निर्णय घेणे. वयोगट तेरा ते सतरा. बी.ए. सायकॉलॉजीला तीस वर्षं झाली, पण पाया पक्का आहे. अंबरनाथची ही पिढी मेंढरासारखी चालली आहे. कुणीतरी थांबवायला हवं.

आमची ऋता नुकतीच दहावी पास झाली. मैत्रिणी जातील तिकडे अकरावीला जाण्याचा धोका. तिला पहिल्या रांगेत बसवणार.

दुपारी १

सात मुलं. नियम शिकवले: पाठ ताठ, नजरेला नजर, एकच वाक्य, कारणं द्यायची नाहीत. सरावासाठी सोहमपुढे पेन्सिल धरली. म्हटलं, ही सिगारेट, घे रे, एका झुरक्याने काही होत नाही. त्याने घेतली. का घेतलीस, तर म्हणे, काकू, तुम्हाला नाही कोण बोलणार!

ही भीती नव्हे, आदर आहे.

ऋताला पहिल्या फटक्यात जमलं. शेवटी मुलगी कुणाची.

३ जून, मंगळवार

महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला सगळ्यांनी एकसारखी साडी नेसायची, असं मंडळाच्या अध्यक्ष नूतनने परस्पर ठरवलं. पोपटी! पोपटी रंगात मी आजारी दिसते. समक्ष नकार द्यायला सगळ्यांबरोबर उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या साडीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, दीदी, सबने ले लिया, बस आप ही बाकी हो. नूतन म्हणाली, राहू दे रे भाऊ, तिला नको तर नको, फोटोत मागे उभी करू.

साडी घेतली. पूर्ण विचारांती. पोत चांगला आहे.

५ जून, गुरुवार

ऋता म्हणते, आर्ट्स घेणार. इतिहास शिकायचाय. नक्की कुणाच्या तरी नादाने. चौकशी केली. तिच्या वर्गातून आर्ट्सला जाणारी ती एकटीच. मग नाद कुणाचा?

मंडळातल्या बायकांच्या एकूण एक मुली सायन्सला. नूतनची रिद्धीसुद्धा. आणि ऋताचं सायन्स मी मार्चमध्येच सगळ्यांना सांगून बसलेय.

ऋताचे बाबा, गुरुदत्त, मोरिवलीहून, कंपनीतून आले. चहा घेताना म्हणाले, तू स्वतः आर्ट्सचीच ना? म्हटलं, तेव्हाची गोष्ट वेगळी. वेगळी कशी, हे सांगायला वेळ नव्हता.

८ जून, रविवार

वर्गाला चार मुलं. आजचा विषय: मोठ्यांचं ऐकणं म्हणजे दबाव नव्हे. समीर म्हणाला, काकू, फरक कसा ओळखायचा? सांगितलं, मित्र टाकतात तो दबाव, मोठे करतात ते मार्गदर्शन. मुलं एकमेकांकडे बघून हसली. वर्ग खेळीमेळीचा असावाच.

१० जून, मंगळवार. संध्याकाळी ५

अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा आज शेवटचा दिवस. ऋताशी मोकळी चर्चा केली. दीड तास. बोलले मीच. शेवटी म्हटलं, निर्णय सर्वस्वी तुझा, सायन्स घे.

ती उठली. पाठ ताठ. नजरेला नजर. म्हणाली, आई, मी सायन्स घेणार नाही.

कारण विचारलं. दिलं नाही.

इतकं निर्दोष तंत्र मी आजवर पाहिलेलं नाही. तिने माझ्यादेखत आर्ट्सचा फॉर्म लॉक केला आणि विचारलं, चहा टाकू का?

१४ जून, शनिवार

वर्धापनदिन. बावीस पोपटी बायका. नूतनने चक्क माइकवरून विचारलं, काय गं सुहासिनी, ऋताचं सायन्स फायनल ना? सगळ्या बघत होत्या. मी हो म्हणाले.

सरबत वाटणाऱ्या ऋताने तिथूनच सांगितलं, नाही काकू, आर्ट्स.

मग रिद्धी उठली आणि म्हणाली, मम्मी, मलापण आर्ट्सच पाहिजे होतं. नूतनच्या हातातला माइक खाली आला. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन म्हणाली, तुझ्या पोरीला एवढं धाडस शिकवलं तरी कुणी?

म्हटलं, मीच. यात खोटं काहीही नाही.

१५ जून, रविवार. सकाळी ९

क्लबहाउसच्या फळ्यावर सूचना: आजपासून वर्ग ऋता घेईल. मुलांनी एकमताने ठरवलं म्हणे. तेवीस नावं आली आहेत, आयासुद्धा चालतील असं खाली लिहिलंय.

ऋताला विचारलं, मी येऊ का? म्हणाली, आई, तुझं तू ठरव.

नूतन जाणार आहे का, तेवढं विचारून घेते.