मोटर बंद केलीस ना?

भुईगाव, ९ नोव्हेंबर २००१

वकील आज पेढे घेऊन आले. म्हणाले, "काकू, जिंकलो आपण!" ह्यांनी विहिरी उपसणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध आंदोलन उभं केलं, तेव्हा सरकार आमचा फोन चोरून ऐकत होतं. तो हुकूमच आता बेकायदा ठरला. हे गेले त्याला वर्ष झालं, नाहीतर पहिला पेढा ह्यांनीच उचलला असता.

मी विचारलं, "मग त्या कॅसेटी आम्हाला मिळतील ना?"

"छे हो! नियमाप्रमाणे नष्ट केल्या सगळ्या. आता काकांचा एक शब्दही कुणाकडे नाही. निश्चिंत राहा."

निश्चिंत! कायदा माझ्याच बाजूचा आहे, कळतं मला. पण घरात ह्यांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. तो फक्त त्या मेल्यांकडे होता. काय असणार त्यात? सभा, मोर्चे, आणि बाहेरून केलेल्या प्रत्येक फोनच्या शेवटी मला एकच प्रश्न, "विहिरीवरची मोटर बंद केलीस ना?" किती चिडायचे मी! "केली हो केली, एवढाही भरवसा नाही का?" तेही असेल टेपवर. म्हणजे, होतं.

एकदा मला ऐकवून मग पुसली असती, तर कुठला कायदा मोडला असता?

दिवेलागण होऊन गेली. केळींची आळी भरून वाहतायत, मोटर चालूच आहे. उठायला हवं. कुणी विचारलं असतं, तर उठले असते.