कान वाहतोय का, एवढंच विचारायचं होतं

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. इंदापूरच्या तुमच्या दवाखान्याच्या जागेत आता मोबाईलचं दुकान आहे. मी बारामतीत, एमआयडीसीच्या रस्त्यावर, स्वतःचं मेडिकल चालवते.

फार्मसी शिकून मी तुमच्याकडे पुड्या बांधायला बसले, तेव्हाची गोष्ट. पळसदेवची एक बाई चार वर्षांच्या लेकराला घेऊन आली होती. तुम्ही आत पेशंट तपासत होता, म्हणून मीच कपाटातली कानाच्या थेंबांची बाटली काढून तिला दिली. तुम्ही बाहेर आलात आणि सगळ्यांदेखत ती परत घेतलीत. "कान वाहतोय का, विचारलंस? ताप? कानामागं सूज?" मग ती बाईच म्हणाली, "उशीला पिवळा डाग पडतोय रोज." तुम्ही लगेच चिठ्ठी लिहून तिला कानाच्या डॉक्टरांकडे धाडलंत. "पडद्याला भोक असेल तर आपल्या मनानं कानात काही घालायचं नाही. माझं औषधसुद्धा नाही." होमिओपॅथीच्या डॉक्टरनं असं म्हणावं, याचं मला नवल वाटलं होतं. संध्याकाळी चहा पिताना तुम्ही समजावलंत : बाटली मुठीत धरून कोमट करायची, ड्रॉपरचं टोक कानाला टेकवायचं नाही, दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर गाठायचा. "थेंबांपेक्षा त्यांच्या भरवशावर काढलेले दिवस जास्त नडतात गं."

गेल्या पावसाळ्यात, शिफ्ट सुटल्याच्या गर्दीत, कंपनीतला एक माणूस काउंटरशी आला. "पोरीचा कान लई ठणकतोय, मॅडम. ते होमिओपॅथीचं ड्रॉप हाय का? त्याचा साईड इफेक्ट नसतो म्हणत्यात." मागे सात-आठ जण उभे होते. मी बाटली दिली. "दिवसातून तीनदा, दोन-दोन थेंब," एवढंच बोलले आणि पुढच्याची चिठ्ठी घेतली.

महिन्याभरानं तो पोरीला घेऊन आला. सात वर्षांची असेल. कानामागे टाक्यांचा व्रण होता. नऊ दिवस त्यानं थेंब घातले होते. कान वाहायचा, तर त्याला वाटलं, घाण बाहेर पडतेय, बरंच आहे. पू कानामागच्या हाडात गेला, पुण्याला ऑपरेशन करावं लागलं. डाव्या कानानं आता कमी ऐकू येतं. ती काचेच्या बरणीतल्या गोळ्या बघत होती. मी डाव्या बाजूनं हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही.

"तुमचं औषध चांगलंच हुतं, मॅडम," तो म्हणाला. "आमीच उशीर केला. डॉक्टर लई बोलले मला."

मी म्हणाले, "हो, लवकर दाखवायला हवं होतं."

औषधं पाकिटात घातली, वर वेळा लिहिल्या. दुपारी डबा खाल्ला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. अजूनही येत नाही. आता मी प्रत्येकाला विचारते, गिऱ्हाईकं वैतागतात. हा कागद पाठवायला पत्ताही नाही, लिहून झाल्यावर वहीत ठेवून देईन.

तो माणूस अजून येतो, बाई. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही माझंच दुकान सांगतो. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.