डॉक्टरांपुढे नीट दिसायचं होतं

प्रिय बाबा,

काल आई बोलता बोलता एक गोष्ट बोलून गेली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. भांडण तुमच्याशी आहे, मग दुसऱ्या कुणाला कशाला ऐकवू? म्हणून लिहितेय.

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "मुंबईच्या त्या डॉक्टरांकडे किती ऐटीत चालत गेले होते गं! सकाळी गुपचूप गोळी घेतली होती ना." कौतुकानं सांगत होती, बाबा. कौतुकानं!

तुम्हाला बजावलं होतं की नाही? आदल्या रात्रीपासून पार्किन्सन्सची एकही गोळी घ्यायची नाही. आधी गोळीविना तपासणार, मग गोळी देऊन. दोन्हींत चांगला फरक दिसला, तरच ऑपरेशन. मुंबईत मामाकडे बसून मी सगळं समजावलं, तुम्ही मान डोलावलीत. आणि सकाळी दाढी, इस्त्रीचा बुशशर्ट, केसांना तेल, वर गोळी. आईला म्हणालात, "परक्या माणसापुढे असं थरथरत जाऊ का?"

गोळी आधीच पोटात, मग डॉक्टरांना आधी-नंतरचा फरक दिसणार कुठून? ते म्हणाले, गोळीनं फरक पडत नाही, तर मेंदूत तार घालून वीज दिली तरी होणार नाही. तुम्ही नमस्कार करून बाहेर आलात. त्या भल्या माणसाला मी मनात किती शिव्या घातल्या!

ही तुमची जुनीच खोड. उज्जैनात कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. गोळीचा असर चढला की टावर चौकात बँकेतल्या दोस्तांबरोबर पोहे, उतरायच्या आत रिक्शानं घरी. मग उंबऱ्यात पाय चिकटायचे. आई स्वतःचा पाय आडवा धरायची, तो ओलांडताना तुम्ही कसेबसे आत यायचात. शेजारचे शर्माजी अजून मला विचारतात, "भाईसाहब तो एकदम फिट थे, अचानक कैसे गिर गए?" काय सांगू त्यांना? आजारी पडणं म्हणजे काय चोरी होती का?

आणि माझं काय? सगळ्यांना हसत सांगायचात, "हमारी बिटिया कंप्यूटर में दिमाग बनाती है." कुणाचं दिमाग बनवत होते मी? इंदूरच्या कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा तुमच्याच एमआरआयवरून मापं घेऊन मेंदूचं मॉडेल बनवलं. तार कुठे बसवली, किती व्होल्ट दिले, तर वीज कुठवर पसरेल ते आधीच दिसावं म्हणून. मेंदूतली ती तारेची जागा चवळीच्या दाण्याएवढी. वीज बाहेर सांडली तर जीभ जड होते, जागेवर राहिली तर हात थांबायची आशा.

मॉडेलमध्ये ती जागेवर राहत होती, बाबा. आणि तपासणी म्हणत होती, उपयोग नाही. तुम्ही न्हाणीघरात पडलात, अंथरुणाला खिळलात, गेलात, तरी मी माझ्याच मॉडेलमध्ये चूक शोधत होते. चूक तिथे नव्हतीच!

ऑपरेशननं तुम्ही नक्की बरे झाला असता, असं मी म्हणणार नाही. तेवढं मला कळतं. पण एक संधी होती. आईनं भरवण्याऐवजी स्वतःच्या हातानं जेवला असता कदाचित. ती संधी तुम्ही शिष्टाचारापायी घालवलीत, याचा मला भयंकर राग येतो. आणि तुम्ही नाही आहात, याचा त्याहून जास्त.

त्याच डॉक्टरांनी आता मला मॉडेल घेऊन बोलावलंय. पुढच्या महिन्यापासून तपासणीच्या दिवशी मी तिथे असणार. तुम्हाला वचन देते: डॉक्टरांच्या आधी प्रत्येक माणसाजवळ मी जाऊन बसेन. म्हणेन, "काका, इथे लाजू नका. हात हलतोय, हलू दे. चहा सांडला तर सांडू दे. आज वाईटच दिसायचंय."

तुम्हाला असं कुणीच म्हटलं नाही.

अजून रागावलेली,
तुमची मंजू