खाली सोडायचा कप

फॅल्मथ, मॅसॅच्युसेट्स
२ सप्टेंबर १९८४

चि. हेस्टर,

तुझं जहाज अझोर्स बेटांच्या बंदराला लागेल, त्याआधी हे पार्सल तिथं पोचलेलं असावं, एवढीच टपालवाल्यांना माझी विनवणी. खाणंपिणं नीट चाललंय ना? आम्ही दोघं आहोत तशी आहोत.

उन्हाळी पाहुणे एकदाचे गेले, किनारा पुन्हा आपला झाला. क्रॅनबेरीला रंग चढू लागलाय. शेजारच्या मिसेस मेदेइरोस रोज सूप आणून देतात. त्या मूळच्या अझोर्सच्याच. तू तिथं उतरणार हे कळल्यापासून सुपातलं सॉसेज वाढलंय. रोज का आणतात, असं विचारशील. सध्या स्वयंपाक माझ्याकडे आहे.

सोबत कागदात गुंडाळलेला आईचा कप आहे. नेहमीसारखाच थर्मोकोलचा, तिनं चितारलेला. जाळीच्या पिशवीत घालून, उपकरणाला बांधून तळाशी सोड आणि पाण्याच्या दाबानं अंगठ्याएवढा होऊन वर आला की घेऊन ये. तुझ्या आजवरच्या सफरींचे कप खिडकीत रांगेनं उभे आहेत. दुपारभर मी त्यांच्याकडे बघत बसतो आणि शाळेत पाठ केलेल्या समुद्राच्या कविता आपोआप ओठावर येतात. मग अंथरुणातून हाक येते, "अँब्रोस, पुरे! तुझ्या त्या कवीला कधी बोट लागली होती का?"

हो, दुपारीही ती हल्ली पडूनच असते.

तुला आठवायचं नाही, तू लहान होतीस. सफरीहून परतलो की कागदाच्या गुंडाळ्या मी प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर टाकायचो. जहाजातून खाली आवाज सोडायचा, तो परत यायला लागलेल्या वेळावरून खोली काढायची, हे आमचं काम. त्या आकड्यांतून समुद्राखालचे डोंगर उभे करायची ती. तिथला एकेक कडा तिला पाठ. पण बाई जहाजावर नको म्हणून तिला धक्क्यापुढे कुणी जाऊ दिलं नाही. तू या सफरीची प्रमुख झाल्याचं कळलं, तेव्हा तिनं जुना नकाशा पसरला आणि तुझ्या वाटेवरून बोट फिरवत बसली.

तू गेल्यावर तिला डॉक्टरांकडे नेलं. शरदात झाडांची पानं लाल होईपर्यंत काढेल, म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हे तुला लिहायचं नाही आणि ये म्हणायचं नाही, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलंय.

"पोरीला बोलावलंस तर याद राख. अर्ध्या वाटेतून परत फिरावं म्हणून का मी जन्मभर धक्क्यावर उभी राहिले?"

"आणि नंतर तिनं मला जाब विचारला तर?"

"सांग, आई हट्टी होती. तिला काही ते नवीन नाही."

एक वचन तर मोडलंच.

हा कप करायला तिला फार दिवस लागले. मी धरायचो, ती रेघ ओढायची. तेच डोंगर, मधली तीच दरी. मी म्हटलं, "कोरा, रेघ हलतेय गं."

"हलू दे. खाली गेलं की सगळं आवळून येतं. वर येईल तेव्हा हात कापत होता हे कुणाला दिसायचंय?" मग म्हणाली, "तिला लिही, कागद न सोडता तसाच पिशवीत घाल म्हणावं."

हा तिचा निरोप. आता माझा ऐक. कागद सोड. कप उजेडात धर आणि ती रेघ नीट बघ.

ये, असं मी लिहिणार नाही. तेवढा तरी शब्द पाळू दे. पण दमलोय गं पोरी. मिसेस मेदेइरोस म्हणतात, तिथून बोस्टनला विमान असतं. जहाजाबरोबर पुढं गेलीस तर ती सुखावेल, मीही तुला बोल लावणार नाही. आलीस, तर कप तसाच घेऊन ये, मोठाच्या मोठा. खिडकीतले बाकीचे जरा सरकवून मी जागा करून ठेवली आहे.

आता धक्क्यावर एकटाच येणारा,
तुझा बाबा